लिलावघरातल्या सहा बॅगा

खेळांची परीक्षणं लिहून माणसाचं पोट भरतं यावर आमच्या घरात कुणाचाही विश्वास नाही. खरं सांगू? त्या बुधवारी सकाळी माझाही उरला नव्हता.

झालं काय, संपादकांनी मला बोलावून घेतलं आणि समोर गेल्या महिन्यातला माझाच लेख ठेवला. चौघांनी मिळून खेळायच्या एका व्हिडिओ गेमबद्दल मी त्यात लिहिलं होतं, 'साथीदार अतिशय समजूतदार आहेत, एका शब्दाने वाद घालत नाहीत.' घालतील कसे? तिन्ही साथीदार संगणकच चालवत होता! मी घरात एकटीच बसून खेळले होते. वाचकांनी ते बरोबर ओळखलं आणि माझी अशी धुलाई केली की विचारू नका. एकाने तर 'बाईंना तीन मित्र मिळवून द्या' म्हणून वर्गणी काढायची तयारी दाखवली.

"आता हा घे," संपादक म्हणाले. "'चौकडी'. अजून बाजारात यायचाय. चार दरोडेखोर, दहा दरोडे, हातात बंदूक, आणि सगळं आपल्याच डोळ्यांनी बघतोय असं दिसतं. चार खरी माणसं बसव. दहावा दरोडा पार पडल्याचा स्क्रीनचा फोटो काढ आणि परीक्षणासोबत पाठव. शुक्रवारी संध्याकाळी पाच. एक मिनिट उशीर झाला तर सदर साडेनऊला देतो."

साडेनऊ म्हणजे आमच्याकडचा दुसरा परीक्षक. हा गडी जगातल्या प्रत्येक खेळाला दहापैकी साडेनऊ देतो. उद्या याच्या हातात सेल संपलेला रिमोट दिला तरी 'अनुभव थरारक' म्हणून साडेनऊ देईल. माझं सदर त्याच्या हातात जाणार म्हटल्यावर माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी 'हो' म्हणून बाहेर आले.

सदर गेलं तर मी कुठे जाणार, हेही ठरलेलं होतं. बाबांच्या ट्रकवर.

आमचा घरसामान हलवायचा धंदा आहे. एका घरातून उचलायचं, दुसऱ्या घरात मांडायचं. बाबांनी बत्तीस वर्षं हेच केलं. चार महिन्यांपूर्वी त्यांची पाठ गेली. डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलं, तेव्हापासून ते कमरेला पट्टा बांधून खुर्चीत बसून असतात आणि जेवताना रोज मला म्हणतात, "तुझं ते लिहिणं बंद पडलं की सांग. गाडी तुझीच आहे." बंद पडलं तर नाही, पडलं की! कॉलेज संपेपर्यंत प्रत्येक सुट्टीत मी त्या ट्रकवर राबलेय. लोकांच्या जिन्यांवरून त्यांच्या गाद्या, त्यांची कपाटं, त्यांच्या आजोबांच्या खुर्च्या वाहिल्यात. मला ते काम येतं, आणि येतं म्हणूनच ते मला नकोय.

चार खरी माणसं आणायची कुठून? माझ्या नेहमीच्या तिघांपैकी एकीला बाळ झालंय आणि उरलेले दोघं माझ्याशी बोलत नाहीत. चूक माझीच. हरायला लागले की माझं तोंड सुटतं. खेळ बाजारात नसल्यामुळे इंटरनेटवर अनोळखी माणसं मिळायचीही सोय नव्हती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी मी घरी आले आणि आमच्याच माणसांसमोर हात जोडले. गाढव कोण, हे मात्र पहिल्या तासातच स्पष्ट झालं.

बाबा एक. दुसरी आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण. धंद्याच्या याद्या ती करते. कुठल्या खोलीतलं काय, कितव्या नंबरचं खोकं, सगळं तिच्या वहीत असतं. तिसरा मामा, आईचा भाऊ, आमचा ट्रक चालवतो. आई मावशीकडे गेली होती म्हणून बरं, नाहीतर टीव्हीच मिळाला नसता.

टीव्हीचे चार भाग झाले, प्रत्येकाला एक. बुधवारी दुपारी पहिला दरोडा सुरू झाला, एका छोट्या बँकेवर. दहा मिनिटांनी आत्या म्हणाली, "मला छान जमतंय गं. बघ किती शांतपणे उभी आहे मी."

"आत्या, तो मामा आहे. तुझा चौकोन खालचा. तू केव्हाची भिंतीला डोकं आपटतेयस."

"अगंबाई! तरीच म्हटलं माझ्या हातांवर एवढे केस कुठून आले."

आणि मामा तरी शांत का उभा होता? व्हॅनजवळ उभा होता. खेळातली व्हॅन आपोआप चालते, ड्रायव्हर लागत नाही, हे मी त्याला तीनदा सांगितलं. "ड्रायव्हर नाही असं कसं? गाडी उघडी टाकून मी आत जायचं? कुणी सामान पळवलं म्हणजे?" म्हणाला. दरोडेखोर आम्ही, आणि चोरीची भीती आम्हालाच!

बाबा आत गेले. बंदूक त्यांनी पहिल्याच टेबलावर ठेवून दिली. "हातात हे असलं तर सामान कशाने धरू?" मग त्यांनी जिना बघितला, दोनदा वरखाली केला, वळणावर थांबले. "इथे मोठं कपाट अडेल. खिडकीतून काढावं लागेल." मी ओरडले, "बाबा, कपाट नाही, तिजोरी! सोनं! लवकर!" तर ते चक्क खुर्च्या उचलायला लागले. या खेळात खुर्च्याही उचलता येतात, हे मला माहीतच नव्हतं. आत्या वहीत नोंद करतेय, मामा गाडीत लावतोय, बाबा आणतायत. चौदा खुर्च्या, एक पाण्याचं पिंप आणि कुंडीतलं एक झाड व्हॅनमध्ये चढलं. सोनं आणि रोकड जिथल्या तिथे. पोलीस आले आणि आम्ही चौघे झाडासकट पकडले गेलो.

"सोनं का नाही घेतलं?" मी कपाळावर हात मारला.

तिघांनीही माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच वेडी. बाबा म्हणाले, "दागिने आणि रोकड ज्याची त्याने स्वतः न्यायची. आपण हात लावत नाही. विसरलीस का?"

बँक लुटायला निघालेले लोक, आणि रोकडीला हात लावणार नाहीत. मी पाच मिनिटं डोळे मिटून बसले. मग समजावलं, की बाबांनो, इथे ग्राहकच नाही. आत्याने विचारलं, "मग सामान कुणाचं?" मी म्हटलं, आपलं. "आपलं आहे तर पळतोय कशाला?" शेवटी मी म्हटलं की बँकेचा मालक म्हातारा आहे, त्याला स्वतः नेता येत नाही, म्हणून त्याने आपल्याला सांगितलंय. हे मात्र तिघांना पटलं. खोटं बोलल्याशिवाय चांगली माणसं चोरी करत नाहीत, हे मी परीक्षणासाठी टिपून ठेवलं.

त्यानंतर मात्र गंमतच झाली. बुधवारी संध्याकाळपर्यंत तीन दरोडे आणि गुरुवारी आणखी पाच! आत्या प्रत्येक इमारतीची खोलीवार यादी करायची. बाबा जिने आणि दारं बघून कुठून काय निघेल ते सांगायचे. मामा व्हॅनमध्ये बॅगा अशा रचायचा की इतरांना चार खेपा लागतात तिथे आमचं दोनमध्ये भागायचं. पहारेकऱ्याला बांधून ठेवायची वेळ आली की बाबा त्याला आधी सोफ्यावर नेऊन बसवायचे, "फरशी गार असते," म्हणून. एवढ्या दरोड्यांत त्यांनी एक गोळी झाडली नाही. माझं मात्र मन लावून गोळ्या झाडणं चालू होतं आणि निम्मा वेळ मीच आमची पंचाईत करून ठेवत होते. आत्या म्हणायची, "तडतडे, तू जरा गप्प उभी राहशील का?" घरात मला तडतडी म्हणतात. का म्हणतात ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

मला खरंच मजा येत होती, आणि बाबांनाही. चार महिन्यांत पहिल्यांदा ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते. जड बॅग उचलली की पडदा थोडा हलतो, पावलं मंद होतात. तसं झालं की ते स्वतःही श्वास रोखून धरायचे.

शुक्रवारी सकाळी नववा दरोडा झाला. राहिला दहावा, आणि तिथे घोडं अडलं.

दहावा दरोडा लिलावघराचा. तिसऱ्या मजल्यावर जुन्या वस्तूंच्या सहा बॅगा आणि खाली अंगणात व्हॅन. सात मिनिटांत सहाच्या सहा बॅगा व्हॅनमध्ये हव्यात आणि कुणीतरी व्हॅनमधून 'निघा'चं बटण दाबायचं. हातात बॅग असली की धावता येत नाही. यावर उपाय म्हणून खेळात फेकायचं बटण आहे. जिन्याच्या कठड्यावरून बॅग खाली फेकायची, खालच्याने पुढे फेकायची, की झालं. अख्खं जग असंच खेळतं. खेळ बनवलाच आहे तसा.

बाबा फेकत नव्हते.

"बाबा, निळं बटण!"

"दिसतंय मला."

"मग दाबा ना!"

"त्यावर लिहिलंय, 'चिनी मातीची भांडी'. कसं फेकायचं?"

ते एकेक पायरी उतरत खाली यायचे. आत्याही त्यांचं बघून तेच करायला लागली. पहिल्या खेपेला चार बॅगा झाल्या. दुसऱ्या खेपेला चार. मग पाच. मग पुन्हा चार. मी गयावया केली, ओरडले, उशीवर बुक्क्या मारल्या. दुपारी तीन वाजता पाचव्यांदा हरलो आणि माझ्या हातातला रिमोट मी गादीवर आपटला.

"तुम्ही मुद्दाम करताय!" मी बाबांना म्हटलं. "मी हरायलाच हवी आहे तुम्हाला. सदर बंद पडलं की मी आपसूक गाडीवर येणार ना! बसा मग, बघा वाट!"

बोलले आणि लगेच जीभ चावली. पण धनुष्यातून सुटलेला बाण कुठे परत येतो? आत्याने वही मिटली. बाबा म्हणाले, "मी जरा पाठ टेकतो," आणि हळूहळू आत गेले.

मामा माझ्यामागून स्वयंपाकघरात आला. मी चहा ठेवायचं निमित्त करून भांडी आदळत होते.

"तुला भावजींची पाठ कशी गेली माहीत आहे?" त्याने विचारलं.

"कपाट उचलताना."

"उचलताना नाही. जिन्यात वरच्या माणसाच्या हातून सुटलं. काचेचं कपाट, एका म्हातारीचं. मी खालून ओरडलो, सोडा भावजी, बाजूला व्हा. बाजूला झाले असते तर पाठ वाचली असती. ते कपाटाखाली वाकून उभे राहिले. एक काच तडकली नाही." मामाने गॅस बारीक केला. "त्या माणसाला तू सांगतेयस की निळं बटण दाबा. ते मुद्दाम करत नाहीत गं. त्यांच्या हाताला ते येतच नाही."

मला इतकी लाज वाटली की चहा उतू गेला तरी दिसलं नाही. एकाच घरात राहूनही चार महिन्यांत मला कुणी हे सांगितलं नव्हतं. अर्थात मी विचारलंही नव्हतं.

सव्वाचारला मी बाबांच्या खोलीत गेले. ते उताणे पडून छताकडे बघत होते.

"बाबा, चुकलं माझं. राहू दे तो खेळ. मी संपादकांना सांगते, नाही झालं म्हणून."

"आणि?"

"आणि काय? सोमवारपासून येते गाडीवर."

माझा आवाज नको तिथे फुटला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी लहान असताना ताप आलाय का हे ते असंच नुसतं बघून ठरवायचे. मग कोपरावर भार देऊन ते उठले. "अजून पाऊण तास आहे. उठव सगळ्यांना."

शेवटची खेप सुरू झाली. आत्याने पहिली बॅग उतरवली, मी दोन फेकल्या, मामा तर चक्क व्हॅन सोडून जिन्यापर्यंत आला आणि लाजत परत गेला. बाबांनी चौथी खाली आणली, पायरी पायरीने, आणि पाचवीसाठी आत्याला हाक मारून स्वतः पुन्हा वर गेले. पाच बॅगा व्हॅनमध्ये लागल्या तेव्हा पन्नास सेकंद उरले होते. सहावी बाबांच्या हातात होती. ते तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, खालच्या जिन्यात पोलीस. आम्ही तिघं व्हॅनमध्ये.

"काय आहे तिच्यात?" आत्याने विचारलं.

"आरसा," बाबा म्हणाले.

मी काही बोलले नाही. शप्पथ सांगते, एक अक्षर बोलले नाही. मला फक्त त्यांच्या चौकोनात तो जिना दिसत होता आणि वर येणारे पोलीस. तीस सेकंद. बाबा वळले, खिडकीपाशी गेले. खाली अंगण, आमची व्हॅन, उघडी मागची बाजू.

"मामा," ते म्हणाले. भाच्यांचं ऐकून ऐकून तेही त्याला मामाच म्हणतात. "गाडीत खाली मऊ काय आहे?"

"काही नाही भावजी. गालिच्याची बॅग आहे एक."

"ती मधे घे."

मामाने ती मधे सरकवली. बाबांच्या चौकोनात बॅग थोडी वर उचलली गेली. खुर्चीत बसलेल्या बाबांनी डोळे मिटले, गच्च, आणि निळं बटण दाबलं.

ती बॅग तीन मजले खाली आली आणि व्हॅनमध्ये पडली. गालिच्यावर पडली की नाही, मला माहीत नाही. अकरा सेकंद.

"निघा," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही..."

"निघ म्हणतो ना! बघतेस काय?"

मी बटण दाबलं. व्हॅन सुटली. वर त्यांच्या चौकोनात चार पोलिसांनी त्यांना घेरलं आणि पडद्यावर आलं: दरोडा यशस्वी, तिघे निसटले, एक अटकेत. आत्याने टाळी वाजवली आणि मधेच थांबली. मी फोटो काढला. घाईत तो हलला, त्यामुळे तीनदा काढावा लागला.

"फुटला असेल," बाबा डोळे उघडून म्हणाले.

"बाबा, या खेळात काहीच फुटत नाही. नुसतं चित्र असतं ते."

"असेल." त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला. "जा, लिही आता. साडेचार होऊन गेले."

मी आतल्या खोलीत दार लावून बसले. लिहायला पंचवीस मिनिटं होती. आमच्या घरातल्या भिंती म्हणजे नावाला भिंती, इकडचं तिकडे सगळं ऐकू येतं. बाहेरून बाबांचा आवाज आला.

"वही आण गं तुझी. जाहिरात लिहून घे. घरसामान हलवण्याच्या धंद्यासाठी जबाबदार माणूस पाहिजे. गाडी, याद्या, मजूर, सगळं बघणारा. जिने चढायची सवय हवी."

आत्या म्हणाली, "दादा, एवढी काय घाई आहे? पोरीचं काय ठरतंय ते बघू की आठवडाभर."

"तिचं ठरलं. मीच 'निघ' म्हटलं ना तिला. आणि पुढे लिही, घरचं नसलं तरी चालेल. नको, ते खोड. असं कोण लिहितं जाहिरातीत!"

आत्या कागदावर रेघ ओढत असलेली मला ऐकू आली. मी तोंडावर ओढणी दाबून रडले, आणि रडता रडता बंदुकांच्या आवाजाबद्दल तीन वाक्यं, जिन्यांच्या रचनेबद्दल चार आणि साथीदारांबद्दल एक लिहिलं, की ते शब्दाशब्दाला वाद घालतात. खेळाला दहापैकी सात दिले आणि पाचला दोन मिनिटं कमी असताना पाठवून दिलं.